सरकलेली हद्द

साशंक : ट्रॅक-डे या कल्पनेशी माझं भांडण नाही. बंद सर्किट, एकाच दिशेने धावणाऱ्या गाड्या, समोरून ट्रक नाही, आडवी जाणारी म्हैस नाही, वळणावळणावर झेंडे घेतलेले मार्शल, पिटमध्ये ॲम्ब्युलन्स. वेगाची हौस भागवायला याहून शहाणी जागा सापडायची नाही. भांडण आहे ते तिथे पहिल्यांदा नेल्या जाणाऱ्या गाडीशी. आपल्या चाकणला तयार झालेली एखादी पोलो जीटी घ्या. मालक आधी इंजिन रिमॅप करून घेतो, मग इन्टेक, मग डाऊनपाइप, मग शेजाऱ्यांनाही कळावं म्हणून एक्झॉस्ट. पुढे स्प्रिंगा बदलून गाडी दीड इंच खाली बसवतो आणि मोठे अलॉय चढवतो. एवढं झाल्यावर त्याला वाटतं, गाडी तयार झाली, आता कोइम्बतूर गाठू. हा सगळा खर्च गाडीने जोरात सुटावं म्हणून झालेला असतो, आणि ट्रॅक पहिल्या दहा मिनिटांत तिला विचारतो ते हे की लागोपाठ किती वेळा थांबशील. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे त्या मालकाला विचारून बघा. बहुतेकदा उत्तर येतं, सर्व्हिसिंगला बघतात ना ते.

आता हिशेब. चालकासकट बाराशे किलोची गाडी ताशी दीडशेवरून साठवर आणायची, तर साधारण पावणेनऊ लाख ज्यूल ऊर्जा तीन-चार सेकंदांत उष्णतेच्या रूपाने बाहेर काढावी लागते. स्वयंपाकघराच्या भाषेत, नळाचं पावणेतीन लिटर पाणी उकळीला येईल एवढी. त्यातला सत्तरेक टक्के वाटा पुढच्या दोन डिस्क उचलतात. दोन्हींचं वजन मिळून दहा-अकरा किलो धरलं, तर एका ब्रेकिंगला त्या शंभरेक अंशांनी तापतात. रस्त्यावर असा ब्रेक महिन्यातून एखाद्या वेळी लागतो आणि नंतर डिस्क गार व्हायला उसंत असते. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेची फेरी जेमतेम दोन किलोमीटरच्या जरा पुढची; तिथे उसंत मिळायच्या आत पुढचं वळण येतं. उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि कॅलिपरमधून ऑइलमध्ये उतरते. कोऱ्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा असा मानदंड आहे; पण हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, आणि त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच हद्द १५५ अंशांवर येते. द्रव दाबला जात नाही, वाफेचे बुडबुडे दाबले जातात. पाय थेट मॅटला टेकतो आणि गाडी आपली पुढे जात राहते. रिमॅपने सरळ पट्ट्याच्या शेवटचा वेग वाढवलेला असतो, म्हणजे या संकटात भरच घातलेली असते.

हौशी : तुमचा हिशेब बिनचूक आहे, फक्त आरोपी चुकीचा पकडलाय. तेवढ्याच सरळ पट्ट्यावर रिमॅपमुळे दीडशेचे एकशे छप्पन्न झाले असं धरू. तुमच्याच पद्धतीने मोजलं तर ब्रेकवरचा बोजा दहाएक टक्क्यांनी वाढतो. जुन्या ऑइलमुळे मात्र उकळण्याची हद्द पंचाहत्तर अंशांनी खाली आली! म्हणजे गुन्हा मॉडिफिकेशनचा कमी आणि आळसाचा जास्त. शोरूममधून काढलेली, एकही नट न बदललेली गाडी चार वर्षांच्या ऑइलवर ट्रॅकवर नेली, तर तिचंही पेडल असंच खाली जाणार. यातून निष्कर्ष निघतो तो एवढाच की जाण्याआधी ब्रेक ऑइल बदला आणि उष्णता सोसणारे पॅड टाका. मॉडिफाय केलेली गाडी नेऊ नका, हा निष्कर्ष यातून कुठे निघतो?

शिवाय मॉडिफाय करणारा माणूस गाडीशी अंगाला अंग लावून असतो, हे तुम्ही हिशेबात धरत नाही. सर्व्हिस सेंटरला किल्ली देऊन संध्याकाळी गाडी उचलणाऱ्याला आपल्या चाकाचे नट कोणत्या टॉर्कला आवळायचे हे ठाऊक नसतं. याला असतं. टायरचंच बघा. सकाळी तीस अंशांना ३२ पीएसआय भरलेली हवा टायर सत्तर अंशांवर गेला की ३८ होते. हे साधं वायूचं गणित आहे. फुगलेला टायर मध्यावर टेकतो, पकड सुटते, आणि नवखा म्हणतो की ट्रॅक निसरडा आहे. म्हणून पहिल्या सेशननंतर पिटमध्ये येऊन गरम टायरमधली हवा मापून सोडायची, आणि संध्याकाळी घरी निघण्याआधी आठवणीने पुन्हा भरायची. सीटखाली लोळणारी पाण्याची बाटली आधीच काढायची, कारण जोराच्या ब्रेकला ती पेडलखाली जाते. पायातली मॅट काढायची. सेशन संपल्यावर एक फेरी ब्रेकला न शिवता मारायची, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावायची. नाहीतर तापलेले पॅड एकाच जागी चिकटून डिस्कवर डाग पाडतात. या गोष्टी कोण शिकतो? ज्याचे हात आधीच काळे झालेले असतात तो.

साशंक : हात काळे होतात, कबूल. पण त्या हातांनी नेमकं काय होतं, हाच तर प्रश्न आहे. स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवण्याचंच घ्या. गाडी खाली आली म्हणजे वळणात कमी झुकणार, अशी समजूत असते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात. तिथे गाडी खाली बसवली की गुरुत्वमध्य खाली येतो, पण गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू त्याहून जास्त खाली जातो. झुकवणारा हात उलट लांब होतो. कडक स्प्रिंग ते झाकून टाकते, मालकाला वाटतं काम झालं. मग कर्बवरून चाक गेलं की सस्पेन्शन तळाला आपटतं आणि चाक जमीन सोडतं. गाडी दिसायला शर्यतीची, वागायला आधीपेक्षा अडाणी.

याहून वाईट उदाहरण सुरक्षेच्या नावाखाली बसवलेल्या सामानाचं. शर्यतीच्या गाडीत रोलकेज असतो, खोल बादलीसारखी सीट असते, सहा पट्ट्यांचा हार्नेस असतो, डोक्यावर हेल्मेट असतं. याच पोलोची शर्यतीतली आवृत्ती आपल्याकडे २०१० पासून ट्रॅकवर धावली, ती हे सगळं एकत्र घेऊन. या गोष्टी एकमेकींच्या भरवशावर उभ्या असतात. नवखा त्यातली एकच उचलतो. कंपनीच्या सीटवर चार पट्ट्यांचा हार्नेस लावला, तर धडकेत माणूस पट्ट्यांखालून पुढे घसरू शकतो, आणि गाडी उलटली तर खांदे बांधलेले असल्याने मान वाकवायलाही जागा राहत नाही. बरं, केज बसवला, तर सोमवारी ऑफिसला जाताना डोक्यावर हेल्मेट नसतं आणि कानाजवळ लोखंडी नळी असते. म्हणजे प्रत्येक बदलाने धोका कमी होत नाही, त्याची जागा बदलते: ट्रॅकवरून रस्त्यावर, नाहीतर रस्त्यावरून ट्रॅकवर. एकच गाडी दोन्हीकडे वापरायची म्हटलं की हे टळत नाही.

आणि रस्त्याचा विषय निघालाच आहे, तर कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. पुण्याहून कोइम्बतूर बाराशे किलोमीटरच्या आसपास. गाडी ट्रॅकवर जाते ती सार्वजनिक रस्त्यावरून चालतच जाते. विम्याचं कलम तर कुणी वाचतच नाही. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे वापर स्पष्ट शब्दांत वगळलेले असतात. गेटवर हमीपत्रावर सही करून तुम्ही आयोजकांनाही मोकळं करता. मग भिंतीला लागलेल्या गाडीचा खर्च कुणाचा?

हौशी : ज्याने सही केली त्याचा. तो जुगार आहे आणि तो उघड्या डोळ्यांनी खेळावा, एवढंच म्हणेन. ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे, तिथे नंबर लावत नाहीत, ओव्हरटेक करायचं ते ठरलेल्या सरळ पट्ट्यावर आणि पुढच्याने हात दाखवल्यावरच, असा युक्तिवाद करता येईल. पण विमा कंपनीपुढे तो टिकेल या भरवशावर कुणी जाऊ नये. कायद्याचं मात्र एक गंमतशीर अंग आहे. ट्रॅकवर ज्या बदलांचा खरोखर उपयोग होतो त्यांची यादी करा: ताजं ब्रेक ऑइल, चांगले पॅड, मूळ मापाचेच पण जास्त पकडीचे टायर, ताजं इंजिन ऑइल. यातल्या कशानेही आरसी बुकातला एक शब्द बदलत नाही. आणि ज्यांच्यावर आरटीओ बोट ठेवेल असे मोठ्या आवाजाचे एक्झॉस्ट, मडगार्डबाहेर आलेले अलॉय, भलते दिवे यांनी फेरीच्या वेळेत फारसा फरकही पडत नाही. निदान पहिल्या ट्रॅक-डेपुरता कायदा आणि भौतिकशास्त्र एका बाजूला उभे आहेत, आणि पार्किंगमधली शोभा दुसऱ्या बाजूला. हे मालकाला कुणी सांगून पटत नाही. ट्रॅकवर पाठीमागून एखादी मळकी, आवाज न करणारी, पण चांगल्या पॅडची स्विफ्ट येऊन वळणात ब्रेक उशिरा मारते आणि पुढच्या पट्ट्यावर हात दाखवून जागा द्यावी लागते, तेव्हा पटतं.

आणि ट्रॅकवर न्यायची नाही, तर ही गाडी जाणार कुठे? ती कपाटात ठेवायला बनवलेली नाही. रात्री सी-लिंकवर जाईल, एक्स्प्रेस-वेवर जाईल, पावसाळ्यात लोणावळ्याच्या घाटात जाईल. कोइम्बतूर, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, ग्रेटर नोएडाचं पाच किलोमीटरचं बुद्ध सर्किट. पुण्या-मुंबईच्या माणसाला मोठ्या सर्किटसाठी अजूनही बहुधा याच दिशांना बघावं लागतं. इतकं अंतर तोडून, फी भरून, दिवसाला चार-पाच सेशन चालवणारा माणूस परत येतो तेव्हा त्याची हौस भागलेली असते. बहुतेकांनी आयुष्यात एकदाही ब्रेक पूर्ण ताकदीने दाबलेला नसतो. एबीएस लागल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, तेव्हा कित्येक जण घाबरून पाय उचलतात. ही चूक ट्रॅकवर एकदा झालेली बरी, की हायवेवर?

साशंक : हा तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, म्हणूनच तो पुराव्यावर घासून बघायला हवा. अमेरिकेत १९७४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शर्यतीचा परवाना असलेल्या चालकांची रस्त्यावरची नोंद सामान्य चालकांच्या नोंदीशी ताडून पाहिली. ज्यांना गाडी ताब्यात ठेवण्याचं कौशल्य सगळ्यांपेक्षा जास्त, त्यांच्याच नावावर अतिवेगाचे गुन्हे आणि अपघात जास्त निघाले. दुसरा पुरावा नॉर्वेचा. तिथे १९७९ मध्ये नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. हेतू तुमच्यासारखाच शुद्ध: घसरण्याचा अनुभव सुरक्षित जागी घ्या. नंतर मोजमाप झालं तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात घटण्याऐवजी वाढलेले दिसले. कौशल्य मुठीएवढं वाढलं, भरवसा पोतंभर. जो आधी बर्फ दिसला की घरी थांबायचा, तो आता बाहेर पडायला लागला. एबीएसची थरथर ओळखीची झालेला तुमचा मित्र हायवेवर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवील की कमी?

हौशी : अमेरिकेच्या अभ्यासातला कच्चा दुवा उघड आहे. शर्यतीकडे कोण जातं? ज्याच्या रक्तात आधीच वेग आहे तो. शर्यतीने त्याला बिघडवलं, की तो मुळात तसाच होता आणि शर्यत नसती तर आणखी बिघडला असता, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. नॉर्वेचा पुरावा मात्र मी टाळणार नाही, कारण तिथे सक्ती होती, हौशे-गवशे सगळेच आले होते. पण त्या गोष्टीला पुढचा भाग आहे. स्वीडनमधला एक प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकाऊ चालकांचे दोन गट केले. एकाला निसरड्यावर गाडी कशी सावरायची ते शिकवलं. दुसऱ्याला, आपल्याला ती सावरता येत नाही, एवढंच अनुभवायला लावलं. नंतर चाचणी घेतली तर दोघांचं प्रत्यक्ष कौशल्य सारखंच. फरक होता तो स्वतःविषयीच्या अंदाजात. कौशल्य शिकलेला गट स्वतःला जास्त हुशार समजत होता. म्हणजे जागा तीच, गाडी तीच, निसरडेपणाही तोच. काय शिकवलं यावर सगळं अवलंबून. पहिल्या ट्रॅक-डेला फेरीची वेळ मोजली तर तो पहिल्या गटाचा वर्ग होतो. वेळ न मोजता, शेजारी प्रशिक्षक बसवून, आपण कुठे चुकतो हे बघितलं, तर दुसऱ्या गटाचा. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

साशंक : मग तर तुमचीच चांगल्या तयारीची गाडी तुमच्याविरुद्ध साक्ष देईल. आपली हद्द कळणं हा हेतू असेल, तर ती हद्द जितकी खालच्या वेगाला येईल तितकं बरं. तुम्ही काय करता? पॅड चांगले घालता, टायर पकडीचे घालता, हद्द वर सरकवता. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण घ्या. साध्या टायरवर गाडी तिथे ताशी त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरला सुटेल. पकड तीस टक्के वाढवली तर चौऱ्याऐंशीला सुटेल. मालकाला दिसतात ते दहा किलोमीटर, पण सुटलेल्या गाडीतली ऊर्जा तीस टक्के वाढलेली असते, कारण वळणात पकड आणि वेगाचा वर्ग एकाच मापाने वाढतात. टायर बदलला म्हणून कडेची माती रुंद होत नाही आणि भिंतही मागे सरकत नाही. चांगल्या गाडीतला नवखा दिवसभर हद्दीच्या आतच फिरतो, काहीच चुकत नाही, आणि आपल्याला येतं असं समजून घरी जातो. म्हणजे तोच तो पहिला गट! तुमची मळकी स्विफ्टसुद्धा यातून सुटत नाही. खरंच हद्द बघायची असेल तर कोल्हापूरच्या गो-कार्ट ट्रॅकवर जा. तिथे हद्द कमी वेगात भेटते, आणि चूक केली की टायरांच्या थप्पीत जाऊन बसता, एवढंच.

हौशी : आक्षेप चपखल आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. कार्टवर लाइन कळते, वळणाचा शिखरबिंदू कळतो, हे खरं. पण कार्टला सस्पेन्शन नाही, एबीएस नाही. ब्रेक मारल्यावर बाराशे किलोचं ओझं पुढच्या चाकांवर कसं येतं, त्या क्षणी स्टीअरिंग वळवलं तर मागचा भाग कसा हलका होतो, हे तिथे त्या रूपात भेटत नाही. आणि परतल्यावर रस्त्यावर चालवायची असते ती हीच गाडी, हिच्याच रिमॅपसकट, हिच्याच खाली बसलेल्या स्प्रिंगांसकट. जी गाडी मी बदलली, तिची हद्द कंपनीने छापलेल्या कुठल्याच कागदावर आता नाही. ती कुठेतरी मोजावी लागणारच. तुम्ही म्हणाल, मग बदललीच कशाला. ठीक, पण ज्याने बदलून ठेवली आहे त्याला काय सांगाल? मोजू नकोस म्हणून?

शिकण्यासाठी हद्द खाली हवी आणि जीव वाचण्यासाठी ब्रेक भरवशाचे हवेत, या दोन गोष्टी एकमेकींना काटतात, हे मात्र तुम्ही दाखवलंत. मी त्यातून एवढाच मार्ग काढीन: ब्रेकवर जितका खर्च करता येईल तितका करायचा, टायर साधेच ठेवायचे. टायर हळूहळू ओरडून सांगतो, तुमच्या त्या चौऱ्याहत्तरला सांगतो, सावरायला वेळ देतो. ब्रेक ऑइल उकळायच्या आधी फारसं काही सांगत नाही.

साशंक : यावर मी तुमच्याशी हात मिळवला असता, पण संध्याकाळ राहिली ना. नवीन असताना दहा-अकरा मिलिमीटर जाड असलेला पॅड चार-पाच सेशननंतर मापून बघा. चार उरलेला असू शकतो, तीनसुद्धा. टायरचा खांदा एका बाजूने झिजलाय, ऑइल एकदा तापून निघालंय. आता पुढे बाराशे किलोमीटर. पॅडचा जोड बरोबर नेला होता, बदलला, असं धरतो. चालक मात्र तोच, दिवसभर दुसऱ्याच मापाने अंतरं मोजलेला. बेळगाव गेलं, कोल्हापूर गेलं, खंबाटकीच्या बोगद्यापुढचं बदनाम वळण गेलं, आणि पुणं दिसायला लागल्यावर नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आला. इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे ट्रक तिथे ब्रेक तापवून बसतात आणि खाली गाड्यांच्या रांगेत घुसतात. कारण तेच, जे मी सुरुवातीला पाण्याच्या भाषेत सांगितलं. फक्त वजन वीसपट.

हौशी : पण त्या उतारावर तापलेल्या लायनरचा तो करपट वास आला, तर गाड्यांत बसलेल्या शंभरांपैकी कुणाला कळेल की हा कशाचा वास आहे? याला कळेल. कालच स्वतःच्या पुढच्या चाकांतून घेतलाय त्याने.

साशंक : कळेल, यात शंका नाही. कळल्यावर तो त्या ट्रकच्या मागे राहील, की आपली गाडी उशिरा ब्रेक मारूनही थांबते हे काल पाहिलंय म्हणून त्याच्या पुढे घुसेल?

हौशी : ते त्याने काल वेळ मोजली होती की नव्हती, यावर.

साशंक : आणि फोन तर सगळ्यांच्याच डॅशबोर्डवर लावलेला असतो.